रिसिव्हरवर आवाज येतो, चित्र येत नाही: इनपुट असाइन, ४के आणि आईची मालिका

लोअरपरळ
मंडळी, होम थिएटरवर इथे धागे पुष्कळ आहेत, पण बहुतेक 'कुठले स्पीकर घेऊ' वाले. माझं स्पीकरपर्यंत सगळं झकास आहे. गाडी अडलीय ती व्हिडिओत.

रिसिव्हर (सगळ्या उपकरणांचं चित्र-आवाज घेऊन टीव्ही आणि स्पीकरना देणारी पेटी) ७.२ चॅनेलचा, म्हणजे सात स्पीकर आणि दोन सबवूफरचा, ओळखीतून घेतलेला, २०१५-१६ च्या सुमाराचा. कंपनी मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर 'हा कशाला घेतलात' यावरच शंभर प्रतिसाद होतील. टीव्ही ५५ इंची ४के, नवा. रिसिव्हरकडून टीव्हीला एकच एचडीएमआय केबल. रिसिव्हरला सेट टॉप बॉक्स आणि फायर स्टिक ४के एचडीएमआयने जोडलेत. बाबांचा जुना डीव्हीडी प्लेयर कंपोनंटने, म्हणजे लाल-हिरव्या-निळ्या पिना, आणि आवाजाला एका पिनेची डिजिटल वायर, कोअ‍ॅक्सियल. शिवाय व्हीसीआर, पिवळ्या-पांढऱ्या-लाल पिनांचा. हसू नका, आईबाबांच्या लग्नाची कॅसेट आहे.

आता रडगाणं. रिमोटवर 'डीव्हीडी' दाबलं की आवाज खणखणीत, टीव्ही काळाठिक्कर. 'सीबीएल/सॅट' (केबल/सॅटेलाइट) दाबलं की सेट टॉप बॉक्स व्यवस्थित दिसतो. फायर स्टिकवर ४के एचडीआरचा (जास्त उजेड आणि रंगांचा) सिनेमा १०८०पी, म्हणजे साध्या एचडीमध्येच येतो, तीच स्टिक थेट टीव्हीला लावली तर एचडीआरचा शिक्का दिसतो. टीव्हीच्या अ‍ॅपवर मॅच लावली तर आवाज-चित्र जुळत नाही. आणि मालिका बघायला आईला रोज संध्याकाळी रिसिव्हर चालू करावा लागतो, त्यामुळे माझ्या छंदाबद्दल घरातलं जनमत प्रतिकूल आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

विषयांतर
रुमाल टाकून ठेवतो. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

टॉस्लिंक
डीव्हीडीचं आधी घेऊ, ते सगळ्यात सोपं.

रिमोटवर आणि मागच्या पोर्टांवर छापलेली 'डीव्हीडी', 'गेम', 'मीडिया प्लेयर' ही नुसती नावं आहेत. कुठलं नाव कुठल्या पोर्टकडे बघेल हे रिसिव्हरच्या आतल्या तक्त्यावर ठरतं. त्याला इनपुट असाइन म्हणतात. सोसायटीच्या पत्रपेटीवर जुन्या भाडेकरूची पाटी असते ना, तसलाच प्रकार. पाटी एकाची, पत्रं दुसऱ्याची.

तुमच्याकडे काय झालंय सांगतो. कोअ‍ॅक्सियल कारखान्यातूनच 'डीव्हीडी' नावावर बांधलेलं दिसतंय, म्हणून आवाज मिळाला. कंपोनंट १ मात्र 'सीबीएल/सॅट'च्या नावावर असणार. 'डीव्हीडी' दाबल्यावर रिसिव्हर चित्रासाठी 'डीव्हीडी' लिहिलेल्या एचडीएमआय पोर्टकडे बघतो, आणि तो रिकामा आहे. मग 'सीबीएल/सॅट' दाबल्यावर तरी डीव्हीडी दिसायला हवा होता, असं तुम्ही म्हणाल. नाही दिसणार. एकाच नावावर एचडीएमआय आणि कंपोनंट दोन्ही असले की पहिला मान एचडीएमआयचा.

सेटअपमध्ये इनपुट्स, त्यात इनपुट असाइन उघडा. आडव्या ओळीत नावं, उभ्या रकान्यात एचडीएमआय, कंपोनंट, व्हिडिओ, डिजिटल असा तक्ता येईल. 'डीव्हीडी'च्या ओळीत कंपोनंटखाली १ टाका आणि एचडीएमआयच्या रकान्यात नुसती रेघ ठेवा. तिथे जुना आकडा राहू देऊ नका.

आणखी एक मेख आहे. तुमची टीव्हीला जाणारी केबल एचडीएमआय आहे, म्हणजे कंपोनंटचं अ‍ॅनालॉग चित्र रिसिव्हरने डिजिटल करून द्यायला हवं. 'व्हिडिओ कन्व्हर्जन' नावाचं सेटिंग असेल तर ते चालू हवं. स्वस्तातल्या बऱ्याच रिसिव्हरांत ही सोयच नसते. त्यांत कंपोनंट आत आलं तर कंपोनंटनेच बाहेर जातं, मग टीव्हीपर्यंत तीन पिनांची दुसरी वायर ओढावी लागते.

लोअरपरळ
आलं! कंपोनंट १ खरंच सीबीएल/सॅटच्या ओळीत बसलं होतं. कन्व्हर्जन आधीपासून चालू होतं. फक्त चित्रातली माणसं लांबुळकी आणि बारीक दिसतायत, बाजूला काळ्या पट्ट्या.

टॉस्लिंक
ते आकाराच्या सेटिंगचं. टीव्ही किंवा रिसिव्हर चित्र ४:३ मध्ये दाखवत असेल, तिथे १६:९ करा आणि प्लेयरच्या स्वतःच्या मेन्यूतही टीव्हीचा आकार १६:९ ठेवा. तिथे असतानाच व्हिडिओ आउटपुट कंपोनंटला प्रोग्रेसिव्ह आहे का तेही बघा. आपल्याकडच्या पाल (भारतातली टीव्हीची पद्धत) डिस्कला ५७६पी, म्हणजे ५७६ ओळींचं चित्र मिळेल. यापुढे रिसिव्हरच्या स्केलरकडून (चित्र मोठं करणारा भाग) चमत्काराची अपेक्षा ठेवू नका, डीव्हीडीत आहे तेवढंच दिसणार.

गिरगाव_नाका
पुढे जाण्याआधी म्हाताऱ्याचं एक ऐका. पोर्ट बदलायची आता झुंबड उडेल. प्रत्येक वेळी टीव्ही, रिसिव्हर, सेट टॉप बॉक्स तिन्हीचे प्लग भिंतीतून काढा. रिमोटने बंद करणं म्हणजे बंद नव्हे.

आमच्या जुन्या बिल्डिंगांत अर्थिंगचा कारभार काय असतो हे विजेच्या खात्यात आयुष्य काढल्यामुळे मला ठाऊक आहे. केबलवाल्याची किंवा गच्चीवरच्या डिशची वायर बॉक्समध्ये लावताना बोटाला मुंग्या आल्या तर समजा, त्या वायरच्या बाहेरच्या जाळीवर कुठूनतरी करंट उतरतोय. तो एचडीएमआयच्या जाळीवाटे रिसिव्हरमध्ये जातो. चालू सेटमध्ये एचडीएमआय खुपसली आणि पोर्ट कायमचा गेला, असे प्रकार त्यातून होतात. दुरुस्तीत अख्खा बोर्ड बदलतात.

स्पीकरमधून बारीक घुंईं ऐकू येत असेल तर सेट टॉप बॉक्सची ती गोल वायर काढून बघा. आवाज थांबला तर दोषी तीच. पण घुंईं घालवायला तीन पिनांच्या प्लगची जाडी पिन कापायचा 'उपाय' कुणी सुचवला तर त्याला चहा पाजून घरी पाठवा.

लोअरपरळ
काका, मुंग्या येतात! आमची बिल्डिंग नवी आहे (रिडेव्हलपमेंट), तरी येतात.

गिरगाव_नाका
बिल्डिंग नवी असली तरी वायर गच्चीवरून शेजारच्या जुन्या इमारतीतून आलेली असू शकते. इलेक्ट्रिशियनला टेस्टर नको, मीटर घेऊन बोलवा आणि तुमच्या सॉकेटचं अर्थिंगही मोजून घ्या. तोवर बॉक्स बंद असताना ती वायर काढून ठेवा. पावसाळ्यात गडगडाट सुरू झाला की तर काढाच.

अबोली
४के बद्दल मी लिहिते, गेमिंगपायी या सगळ्यातून गेलेय.

आधी अंदाज लावणं थांबवा. रिसिव्हरच्या रिमोटवर 'इन्फो' बटण असेल किंवा मेन्यूत सिग्नलची माहिती असेल. तिथे दोन ओळी दिसतात: स्टिककडून काय आलं आणि टीव्हीला काय दिलं. येणाऱ्या ओळीतच १०८०पी असेल तर टीव्हीशी भांडण्यात अर्थ नाही. स्टिक आणि रिसिव्हर यांच्यातच तडजोड झालीय.

तुमच्या रिसिव्हरच्या काळात एचडीएमआय २.० आलेलं होतं (ते २०१३ चं), पण काही मॉडेलांत एचडीसीपी २.२ (नक्कल रोखणारं कुलूप) मोजक्याच पोर्टांना दिलं होतं. स्टिकवरच्या ४के सिनेमाला ती कुलूपव्यवस्था वाटेतल्या प्रत्येक पेटीत लागते. एका पेटीत नसली की अ‍ॅप निमूटपणे १०८०पी देतं, तक्रारसुद्धा करत नाही. मागच्या बाजूला पोर्टांवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, टॉर्च मारून बघा.

दुसरं सेटिंग सिग्नल फॉरमॅटचं. डेनॉन-मरँट्झमध्ये 'फोरके सिग्नल फॉरमॅट', सोनीत 'एचडीएमआय सिग्नल फॉरमॅट'. 'स्टँडर्ड' असतं ते 'एन्हान्स्ड' करायचं. यामाहाच्या काही मॉडेलांत हे नेहमीच्या मेन्यूत सापडतच नाही. रिसिव्हर बंद करून समोरचं 'स्ट्रेट' बटण दाबून धरायचं आणि पॉवर दाबायचं, मग डिस्प्लेवर अ‍ॅडव्हान्स्ड सेटअप उघडतो, त्यात 'फोरके मोड'.

आणि टीव्हीकडे हेच पुन्हा, त्या विशिष्ट पोर्टसाठी. सॅमसंगवर 'इनपुट सिग्नल प्लस', एलजीवर 'डीप कलर' असं काहीतरी, सोनीवर 'एन्हान्स्ड फॉरमॅट'. नेमकं हेच राहून जातं, कारण स्टिक थेट लावली होती तेव्हा ती टीव्हीच्या वेगळ्या पोर्टला होती आणि त्या पोर्टचं सेटिंग चालू असतं.

रच्याकने (बाय द वे), एन्हान्स्ड केल्यावरही रिसिव्हरची मर्यादा १८ गिगाबिट प्रतिसेकंद. सेकंदाला ६० फ्रेम, पूर्ण ४:४:४ रंग आणि ८ बिट एवढंच त्यात जेमतेम बसतं. १० बिट एचडीआर ६० फ्रेमवर हवं असेल तर रंग ४:२:२ किंवा ४:२:० वर उतरतो. माहितीच्या ओळीत ४:२:२ दिसलं म्हणून घाबरू नका. सिनेमे बहुतेक २४ फ्रेमचे, त्यांना अडचण नाही.

लोअरपरळ
अबोलीताई, टॉर्च मारली. सहापैकी तीनच पोर्टांखाली २.२ लिहिलंय आणि स्टिक चौथ्यात होती. हलवली, एन्हान्स्ड केलं, टीव्हीकडेही केलं. आता इन्फोवर ४के आणि एचडीआर दोन्ही. पण अधूनमधून चित्र दोन सेकंद जातं आणि परत येतं.

अबोली
केबल. एन्हान्स्डमुळे जास्त डेटा जायला लागला, आता जुनी केबल दमतेय. टीव्हीकडची आधी बदला, तीच लांब असणार.

बोरिवली_स्लो
इतकी उरस्फोड कशासाठी ते मला कळत नाही. सगळी उपकरणं टीव्हीला लावा, टीव्हीच्या आर्क (टीव्हीचा आवाज एचडीएमआयनेच मागे पाठवणाऱ्या) पोर्टमधून एक केबल रिसिव्हरला. संपलं. टीव्हीचा रिमोट घरातल्या सगळ्यांना वापरता येतो, पुढे ८के टीव्ही घेतला तरी रिसिव्हर बदलायला नको. आमच्याकडे गेली कित्येक वर्षं असंच चाललंय आणि बायको खूश आहे.

टॉस्लिंक
बोरिवली, अर्धं मान्य. पण 'संपलं' इतकं सोपं नाही.

आर्क २००९ च्या एचडीएमआय १.४ बरोबर आलं. त्यातून डॉल्बी डिजिटल, डीटीएस, डॉल्बी डिजिटल प्लस हे आवाजाचे दाबलेले प्रकार जातात. ओटीटीवरचं अ‍ॅटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्येच येत असल्यामुळे तेही जातं. ब्लू-रे डिस्कवरचं ट्रूएचडी किंवा कन्सोलचं न दाबलेलं मल्टिचॅनेल पीसीएम साध्या आर्कमधून जात नाही. त्याला ई-आर्क लागतं, ते एचडीएमआय २.१ बरोबर २०१७ मध्ये आलं आणि दोन्ही टोकांना असावं लागतं. लोअरपरळ यांच्या रिसिव्हरला ते नसणार. वर बरेच टीव्ही डीटीएस पुढे सोडतच नाहीत, स्वतःच्या एचडीएमआय पोर्टावर आलेलंसुद्धा. डिस्कवाल्याने प्लेयर टीव्हीला लावला तर पैसे मोजून घेतलेला डीटीएस ट्रॅक वाटेतच गळतो.

म्हणून सरसकट एकच नियम लावू नका, एकेक उपकरण बघा. डिस्क प्लेयर रिसिव्हरला. फायर स्टिक मात्र मी तुमच्यासारखी टीव्हीलाच लावेन. तिला डॉल्बी व्हिजन (एचडीआरचाच एक प्रकार) येतं, टीव्हीला येत असेल, आणि त्या काळातल्या बहुतेक रिसिव्हरांना ते पुढे सोडता येत नाही. आवाज तिचा आर्कने पूर्ण येतोच, मग चित्र रिसिव्हरमधून फिरवून मिळणार काय?

अबोली
+१. कन्सोलचंही तेच. ४के १२० फ्रेम हवं असेल आणि रिसिव्हर १८ गिगाबिटचा असेल तर थेट टीव्हीला. फक्त बघून घ्या, काही टीव्हींत १२० फ्रेमवाल्या दोन पोर्टांपैकी एक नेमका ई-आर्कचाच असतो. रिसिव्हरने तो अडवला की कन्सोलला एकच उरतो.

बोरिवली_स्लो
म्हणजे शेवटी माझंच बरोबर ठरलं :)

विषयांतर
धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, व्हायच्या आत कुणीतरी आईच्या मालिकेचं बघा. मूळ प्रश्न तो आहे.

टॉस्लिंक
त्याला दोन वाटा. एक, रिसिव्हरमध्ये 'एचडीएमआय पास थ्रू' किंवा 'स्टँडबाय थ्रू' चालू करा. रिसिव्हर बंद दिसत असतानाही सेट टॉप बॉक्सचं चित्र आणि आवाज टीव्हीकडे जाऊ देतो. तिथे कुठलं इनपुट सोडायचं तेही निवडता येतं. 'शेवटचं' असं ठेवलंत तर तुम्ही रात्री डीव्हीडी बघून बंद केल्यावर दुसऱ्या दिवशी आईंना काळा पडदा. म्हणून तिथे सेट टॉप बॉक्सचं नाव कायमचं बांधा. यात स्टँडबायला वीज थोडी जास्त जाते.

दुसरी वाट, बॉक्स सरळ टीव्हीला लावा आणि रिसिव्हर चालू असेल तेव्हा आर्कने आवाज घ्या. तुमच्या घरात मला ही बरी वाटते.

दोन्हींत एचडीएमआय कंट्रोलची नीट घडी बसवावी लागेल. सॅमसंगचं अ‍ॅनीनेट प्लस, एलजीचं सिंपलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक, सगळं मुळात एकच सीईसी (एचडीएमआयवरून उपकरणांनी एकमेकांना चालू-बंद करायची सोय). आर्क बहुतेक वेळा त्याच्याशिवाय चालत नाही. पण ते चालू केलं की टीव्ही लावताच रिसिव्हरही जागा होतो. ते नको असेल तर टीव्हीच्या आवाजाच्या मेन्यूत नेहमीसाठी टीव्हीचे स्पीकर ठेवा आणि सिनेमाच्या वेळी रिसिव्हर हाताने चालू करा.

आणि 'एचडीएमआय ऑडिओ आउट' हे सेटिंग 'टीव्ही'वर जाऊ देऊ नका. ते तिथे असलं की रिसिव्हर आवाज तसाच टीव्हीला पाठवून देतो आणि स्वतः गप्प बसतो. 'स्पीकरमधून काहीच येत नाही' म्हणून येणाऱ्या निम्म्या फोनांमागे हे निघतं.

लोअरपरळ
सेट टॉप बॉक्स आणि स्टिक दोन्ही टीव्हीला हलवले. सोर्सच्या यादीतली नको ती नावं लपवता येतात हेही सापडलं. रोमन अक्षरांत 'कॅसेट' असं नाव व्हीसीआरला दिलंय.

आता मॅच. बॅट चेंडूला लागताना दिसते आणि 'ठॉक' नंतर येतं. रिसिव्हरमध्ये ऑडिओ डिले आहे, वाढवला तर आणखी बिघडतं.

अबोली
बिघडणारच, डिले आवाजाला मागे ढकलतो आणि तुमचा आवाज आधीच मागे आहे. तो शून्य करा. मग टीव्हीत जाऊन डिजिटल ऑडिओ आउट 'पास थ्रू' किंवा 'ऑटो' करा, म्हणजे टीव्ही आवाज उलगडून पुन्हा बांधत बसणार नाही. टीव्हीकडेही आवाजाचा वेगळा डिले असतो, तोही शून्य.

ठॉक आधी आणि बॅट नंतर असं होतं ते उलट प्रकरण, चित्र टीव्हीच्या प्रोसेसिंगमध्ये अडकलं की. तिथे मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग) बंद करा आणि मग लागला तर डिले थोडा थोडा वाढवा. फलंदाज संथपणे ब्लॉक करतो तो चेंडू बघून जुळवा. षटकार बघून जमत नाही, तिथे प्रेक्षकांचा आवाज मध्ये येतो.

लोअरपरळ
पास थ्रू केल्यावर जुळलं. एकच राहिलं: व्हीसीआर. रिसिव्हरमधून चित्र येतं, पण दर थोड्या वेळाने निळा पडदा होऊन परत येतं. डीव्हीडीला असं होत नाही.

गिरगाव_नाका
हे माझं खातं. व्हीएचएसच्या टेपमधून निघणारा सिग्नल डळमळीत असतो, प्रत्येक ओळ वेळेवर सुरू होत नाही. टेप जुनी आणि ताणलेली असली की जास्तच. जुने पिक्चर ट्यूबचे टीव्ही ते चालवून घेत. रिसिव्हरमधला डिजिटल करणारा भाग बावचळतो आणि 'सिग्नल नाही' म्हणून पडदा टाकतो. ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवून बघा. तरी होत असेल तर व्हीसीआर थेट टीव्हीच्या एव्ही इनला लावा, काही टीव्ही असा सिग्नल रिसिव्हरपेक्षा बरा सांभाळतात. नव्या टीव्हीत तीन गोल भोकं नसतात, एकच बारीक भोक असतं, त्याची छोटी वायर टीव्हीच्या खोक्यात आली असेल.

पण खरा सल्ला असा की ही कॅसेट वरचेवर चालवू नका. मुंबईच्या दमट हवेत टेपवर बुरशी धरते. आधी खिडकीतून आत बघा, रिळावर पांढरी भुकटी दिसली तर मशीनमध्ये घालूच नका, हेडही जाईल. स्वच्छ असेल तर एकदा नीट डिजिटल करून घ्या. त्या कामाला लाइन स्थिर करणारं यंत्र असलेला माणूस शोधा.

लोअरपरळ
काका, बघितलं, भुकटी नाही. टीव्हीच्या खोक्यात ती वायरही सापडली. थेट लावल्यावर पडदा निळा होत नाही. डिजिटल करून घेईपर्यंत पुन्हा लावणार नाही, आईची तशी ताकीद आहे.

दहिसर_चेकनाका
उशिरा आलो. याच धाग्यावर विचारतो: हॉलचं काम चालू आहे, प्रोजेक्टरसाठी पीओपीच्या आतून १० मीटर केबल टाकायची आहे. लॅमिंग्टन रोडवर 'एचडीएमआय २.१ केबल' अगदी स्वस्तात मिळतेय. घेऊ?

अबोली
केबलला आवृत्तीचा आकडा अधिकृतपणे नसतोच, त्यामुळे खोक्यावर फक्त '२.१' छापलंय यावर जाऊ नका. नावं 'प्रीमियम हाय स्पीड' (१८ गिगाबिट) आणि 'अल्ट्रा हाय स्पीड' (४८ गिगाबिट). खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असतं, दुकानात उभं राहूनच स्कॅन करा. पण १० मीटरला तांब्याच्या साध्या केबलवर ४के ६० चा भरवसा नाही. ऑप्टिकल एचडीएमआय घ्या. तिला दिशा असते, एका टोकाला 'सोर्स', दुसऱ्याला 'डिस्प्ले'. उलटी ओढली गेली तर पीओपी फोडावं लागेल.

टॉस्लिंक
आणि पाइप रुंद ठेवायला सांगा, एचडीएमआयचं डोकं जाईल एवढा. बेंड काटकोनात नको. केबल आत ओढायच्या आधी जमिनीवर पसरून, दोन्ही टोकं जोडून, एक अख्खा ४के सिनेमा चालवून बघा. एकदा जरी चित्र गेलं तरी त्याच दिवशी दुकानात परत. बिल सांभाळून ठेवा.